नळी तीच, म्हणे!

नवी मुंबईतल्या कळंबोलीत टॅनिंग बेड, म्हणजेच सनबेड, शोधायला निघालात तर हात हलवत परत याल. एप्रिलच्या दुपारी सेक्टरांमधल्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी तोंड ओढणीत गुंडाळतात, आणि पार्लरच्या दरपत्रकात ‘डी-टॅन’ ही ओळ ठळक असते. जिथे रापलेपण घालवायला पैसे मोजतात, तिथे पैसे घेऊन रापवणारी पेटी कोण कशाला आणून ठेवील? पण पेटी आली नाही म्हणून तिच्यामागचं तत्त्वज्ञान यायचं राहिलेलं नाही. ते मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलं, परदेशातल्या भाच्यापुतण्यांच्या सल्ल्यांतून आलं, आणि आता कोडासाठी किंवा सोरायसिससाठी प्रकाशोपचार घेणाऱ्या माणसाला ते कोणी ना कोणी ऐकवतंच. त्याचा मथितार्थ असा: अमेरिकेत लोक ज्या नळ्यांच्या पेटीत हौसेने आडवे होतात, त्याच नळ्यांच्या पेटीत इथे डॉक्टर तुम्हाला उभं करतात. नळी तीच, किरण तेच. फरक काय तो अ‍ॅप्रनचा आणि पावतीचा.

या वाक्याला दोन शेपट्या आहेत, आणि गंमत म्हणजे त्या उलट्या दिशांना वळलेल्या आहेत. एक म्हणते, दोन्ही सारखंच असेल तर डॉक्टर कशाला? ऑनलाइन दिवा मागवा, नाहीतर गच्चीवर जाऊन बसा, ऊन फुकट आहे. दुसरी म्हणते, सनबेडने कॅन्सर होतो हे जगजाहीर आहे, म्हणजे डॉक्टरांच्या मशीननेही होणारच. उपचार आजच सोडा. एकाच विधानातून एकाला ‘बिनधास्त घ्या’ आणि दुसऱ्याला ‘चुकूनही घेऊ नका’ असे निष्कर्ष निघत असतील, तर निष्कर्षांवर वाद घालण्याआधी ते विधान जरा उजेडात धरून बघायला नको का? ते कोणी बघत नाही. दोन्ही पक्ष आपापल्या शेपटीला धरून बसलेत, आणि मधल्या मध्ये ज्याच्या कोपरावर खपल्या आहेत किंवा जिच्या ओठाशेजारी पांढरा डाग आहे, ती माणसं अर्धवट उपचार टाकून घरी बसतात.

आधी ‘अतिनील’ या शब्दाकडेच बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे. हे एका वस्तूचं नाव नाही, लांबलचक पट्ट्याचं आहे. ‘कोकण’ म्हटलं की पालघरही आलं आणि वेंगुर्लंही, तसं. कळंबोलीतल्या कळंबोलीत फिरून बघा. स्वयंपाकघरात भिंतीला टांगलेल्या ‘यूव्ही’ वॉटर प्युरिफायरमध्ये एक नळी जळत असते. तिचे किरण २५४ नॅनोमीटरचे, जंतूंचा निकाल लावणारे, आणि म्हणूनच ती बंद नळकांड्यात ठेवलेली असते. दुकानाच्या गल्ल्यावर नोटा तपासायचा जांभळट दिवा असतो, तो साधारण ३६५ नॅनोमीटरचा. पार्लरमध्ये नेलपॉलिश वाळवायचा चिमुकला दिवा त्याच्याच शेजारचा. आणि लोखंड बाजाराकडे वळलात तर गॅरेजच्या दारात वेल्डिंग चाललेलं असतं. त्या आर्कमधून अतिनीलचे लांब, मध्यम, आखूड असे सगळे प्रकार एकदम बाहेर पडतात. काच न धरता कुणी पोऱ्या दोन-चार वेळा तिकडे बघतो आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखा तळमळतो. ‘वेल्डिंग लागली’ म्हणतात ते हेच, डोळ्याच्या कॉर्नियाला ऊन लागणं. आता ‘किरण तेच’वाल्यांना विचारायला हवं: कोडाचा डाग घेऊन त्या गॅरेजसमोर पाट टाकून बसायला सांगाल का कुणाला? प्युरिफायर उघडून ती नळी कोपरावर धराल? नाही ना? ‘ते वेगळं,’ असं म्हणाल. कसं काय वेगळं? अतिनीलच आहे की! एकदा वेल्डिंग वेगळं आणि प्युरिफायर वेगळा हे मान्य केलं, की सनबेड आणि प्रकाशोपचार एक आहेत हे नुसत्या नावावरून सिद्ध होत नाही. ते वेगळं सिद्ध करून दाखवावं लागतं. आजवर ते कोणी दाखवलेलं नाही.

ते दाखवताही येणार नाही, कारण हे दोन मार्ग फार पूर्वीच फुटले आहेत. प्रकाश औषध म्हणून वापरण्याची कल्पना हौसेतून आलेली नाही. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं ते त्वचेच्या क्षयावर एकाग्र प्रकाशाने केलेल्या उपचारासाठी, म्हणजे अँटिबायोटिक्स यायच्या कितीतरी आधी. पुढे सोरायसिसवर डांबर आणि अतिनील यांची जोडी आली. मग १९८१ साली पॅरिश आणि येनिके यांनी एक साधा आणि म्हणूनच सुंदर प्रश्न विचारला: यातला नेमका कुठला किरण बरं करतो? त्यांनी सोरायसिसच्या चट्ट्यांवर वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण वेगवेगळे टाकून पाहिले. २९० नॅनोमीटर आणि त्याखालचे किरण कितीही वाढवले तरी त्वचा लाल व्हायची, आजार हलायचा नाही. २९६च्या पुढे ३१३पर्यंत मात्र चट्टे विरघळू लागले. म्हणजे भाजणारा किरण आणि बरा करणारा किरण ही दोन वेगळी माणसं निघाली, एका घरात राहणारी. त्यानंतर फिलिप्सने ३११ नॅनोमीटरच्या आसपासचाच उजेड देणारी नळी बनवली, आणि आज ज्याला ‘नॅरोबँड’ म्हणतात तो उपचार उभा राहिला. कोडावर तो लागू पडतो हे १९९७ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी दाखवलं. ‘नळी तीच’ म्हणणाऱ्यांना ही नळी हवी त्या दोन-तीन नॅनोमीटरांसाठी मुद्दाम घडवलेली आहे हे माहीत नसावं, किंवा माहीत असून सोयीचं नसावं.

सनबेडची नळी कशासाठी घडवलेली असते? रापवण्यासाठी. तिच्यातून मुख्यतः लांब लहरींचा अतिनील ‘ए’ बाहेर पडतो आणि ‘बी’ जेमतेम काही टक्के. दमदार यंत्रांतून तर हा ‘ए’ भूमध्य समुद्राकाठच्या भर दुपारच्या उन्हाच्या दहा-पंधरापट असू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो त्वचेत खोल जातो आणि असलेल्या रंगद्रव्याला गडद करतो. ज्याला ‘हेल्दी टॅन’ म्हणून विकतात, ते त्वचेच्या पेशींनी आपल्या जनुकद्रव्याला इजा झाल्यावर दिलेलं उत्तर असतं. घरात चोर शिरल्यावर लावलेल्या कडीला कोणी सजावट म्हणत नाही. आणि ती कडीही कच्ची. रापलेल्या त्वचेला मिळणारं संरक्षण अगदी कमी नंबराच्या सनस्क्रीनइतकंच, म्हणजे ‘आधी सनबेडवर रापून घेतलं की गोव्याला भाजत नाही’ या समजुतीचाही निकाल लागतो. प्रकाशोपचारातही माणूस थोडा काळवंडतो, हे खरं. पण तिथे तो दुष्परिणाम म्हणून फाइलमध्ये लिहितात. सनबेडच्या दुकानात तोच माल असतो. एकाकडचा कचरा दुसऱ्याकडे शोकेसमध्ये, आणि तरी म्हणायचं दोन्ही दुकानं एकच!

कोडाच्या बाबतीत तर हा सल्ला मूर्खपणाच्याही पुढे जातो. पांढऱ्या डागात रंग बनवणाऱ्या पेशी नसतात. सनबेडमध्ये आजूबाजूची निरोगी त्वचा रापते, डाग रापू शकत नाही, आणि आधी चार फुटांवरून दिसणारा डाग आता रस्त्याच्या पलीकडून दिसतो. शिवाय त्या डागाला रंगद्रव्याचं छप्परच नसल्याने तो आधी भाजतो, आणि भाजलेल्या, खरचटलेल्या जागी नवे डाग उठणं ही या आजाराची ओळखीची खोड आहे. नेमून दिलेल्या मात्रेतला नॅरोबँड काय करतो? केसांच्या मुळाशी दडून राहिलेल्या मूळ पेशींना जागं करतो. म्हणून बरं होऊ लागलेला डाग नीट पाहिला तर पांढऱ्या पाटावर नाचणीचे दाणे सांडल्यासारखे तपकिरी ठिपके दिसतात, प्रत्येक ठिपका एकेका केसाभोवती. ते हळूहळू पसरतात, एकमेकांना भेटतात. जिथे केसच नाहीत, ओठ किंवा बोटांची टोकं, तिथे हे दाणे उगवत नाहीत, आणि डॉक्टर ते पहिल्याच दिवशी सांगतात. आपल्या समाजात या डागाला कुष्ठाच्या पंगतीत बसवून लग्नं मोडलेली आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००६च्या ‘नितळ’ चित्रपटाची नायिका हाच डाग घेऊन वावरते, आणि पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन हीच भीती घालवायला झटते. असा डाग अधिक उठून दिसेल असा उपाय ‘तेच तर आहे’ म्हणत सुचवणाऱ्याला काय म्हणावं?

पण तरंगलांबी ही निम्मीच गोष्ट. समजा उद्या कोणी सनबेडमध्ये ३११च्याच नळ्या बसवल्या, तरी तो उपचार होणार नाही, कारण औषधाचा दुसरा अर्धा भाग नळीत नसतोच. तो वहीत असतो. प्रकाशोपचाराच्या खोलीत काय चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. माणसाएवढ्या उंच कपाटात सहा फुटी नळ्या, डोळ्यांना काळा चष्मा, जननेंद्रियं झाकलेली, आणि पहिल्या दिवशी आत उभं राहायचं ते बहुधा मिनिटभरसुद्धा नाही. लांबून आलेला माणूस वैतागतो: एवढ्यासाठी आलो? पण ते सेकंद कोणी अंदाजाने ठरवलेले नसतात. समजा पहिली मात्रा दर चौरस सेंटीमीटरला २५० मिलिज्यूल ठरली. मीटरने मोजल्यावर नळ्या सेकंदाला ५ मिलिज्यूल देताना आढळल्या, तर ५० सेकंद. काही महिन्यांनी नळ्या दमल्या आणि ४च देऊ लागल्या, तर त्याच मात्रेला साडेबासष्ट. नव्या नळ्या बसवल्या आणि त्या ६ देतात, तर ४२ सेकंदांच्या आत बाहेर. जुन्याच वेळेवर उभं ठेवलं तर माणूस भाजेल. पुढच्या वेळी मात्रा दहा-वीस टक्क्यांनी वाढते, पण आधी प्रश्न विचारला जातो: परवा लाली आली होती का? किती तास टिकली? दुखली का? लाली रेंगाळली तर मात्रा आहे तिथेच थांबते, दुखली तर त्या दिवशी नळ्या लागतच नाहीत. गणपतीला गावी गेलात आणि दोन आठवडे बुडाले, तर मात्रा मागे घेतात. तुम्ही मधल्या काळात पुरळांसाठी डॉक्सिसायक्लिन सुरू केलंत का, हेही विचारतात, कारण त्या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते. ल्युपस हा उन्हाने बळावणारा आजार असलेल्याला या कपाटाच्या दारातूनच परत पाठवतात.

आता सनबेडचं दुकान डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला ल्युपस आहे का, हे तिथे कोण तपासणार? काउंटरवरची मुलगी? तिचं काम पॅकेज विकणं. आणि ग्राहक पुन्हा यावा ही त्या धंद्याची गरज, तर पेशंट पुन्हा येऊ नये ही त्या कपाटाची. कोडासाठी सहा महिने, म्हणजे आठवड्याला तीन या हिशेबाने सत्तर-बहात्तर वेळा उजेड देऊनही दाणे उगवले नाहीत, तर डॉक्टर फेरविचार करतात, थांबवतात. ‘तुम्हाला याचा उपयोग होत नाही, उद्यापासून येऊ नका’ असं वाक्य कुठल्या टॅनिंग सलूनमध्ये आजवर उच्चारलं गेलं असेल? अमेरिकेच्या कर खात्यालासुद्धा हा फरक कळतो. तिथे २०१०पासून टॅनिंगवर दहा टक्के कर आहे, आणि परवानाधारक डॉक्टरने दिलेला प्रकाशोपचार त्यातून कायद्यानेच वगळला आहे. करवाल्यांना उमगलं ते आपल्या व्हिडिओवाल्यांना उमगू नये, हे आश्चर्यच.

इथे गच्चीवाले उठून उभे राहतात. त्यांचा मुद्दा जरा वजनदार आहे, कारण त्यामागे परंपरा आहे. बावचीचं तेल लावून उन्हात बसायचा उपाय आपल्याकडे फार जुना. बावचीत सोरालेन असतं आणि ते त्वचेला अतिनील ‘ए’ला हळवं करतं, हे आधुनिक रसायनशास्त्रानेही मान्य केलेलं आहे. ‘मग झालं की! आजीला जे ठाऊक होतं त्याला तुम्ही लाखांची मशीनं लावता.’ ऐकायला गोड. पण बावची लावून दुपारी बारा वाजता बसलेल्या माणसाच्या हातावर आलेले पाण्याचे फोड या युक्तिवादात कुठे बसतात? ते कोणी सांगत नाही, कारण फोड आलेला माणूस व्हिडिओ करत नाही. आपल्या देशातले त्वचारोगतज्ज्ञ आजही सोरालेन आणि ऊन यांची जोडी लिहून देतात, गरिबाला तीच परवडते म्हणून. पण त्या चिठ्ठीवर वेळ लिहिलेली असते, सुरुवात काही मिनिटांनी असते, वाढ टप्प्याटप्प्याने असते आणि पोटातून गोळी घेतली असेल तर दिवसभर डोळ्यांना चष्मा असतो. म्हणजे ऊनही औषध होऊ शकतं, अगदी बरोबर. मात्र ते चिठ्ठीवर आलं की. कळंबोलीच्या जानेवारीतलं सकाळचं ऊन आणि मेमधलं दुपारचं ऊन यांच्यात अतिनीलचा काटा कुठल्या कुठे जातो. जुलैत तर ते पंधरा-पंधरा दिवस दिसत नाही. औषधाची बाटली दर महिन्याला वेगळ्या ताकदीची आणि पावसाळ्यात रिकामी मिळत असेल तर तुम्ही केमिस्टशी भांडाल. सूर्याला मात्र माफ. खिडकीच्या काचेमागे बसून उन्हाचा उपचार घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको: काच बरा करणारा ‘बी’ अडवते आणि रापवणारा ‘ए’ आत सोडते. नेमका सनबेड तयार होतो, फुकटचा.

(ड जीवनसत्त्वाचा मुद्दाही अधूनमधून सनबेडच्या जाहिरातीत डोकावतो. ड तयार होतं ते ‘बी’ने, सनबेडमध्ये भरमार ‘ए’ची, आणि गोळी काही रुपयांत मिळते. यावर जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही. नवजात बाळाला काविळीसाठी ठेवतात तो निळा दिवाही याच चर्चेत ओढला जातो. तो दिसणारा निळा उजेड आहे, अतिनीलच नाही.)

आता दुसरी शेपटी. तिच्याशी अधिक गांभीर्याने बोलायला हवं, कारण तिच्या मागे भीती आहे आणि भीतीच्या मागे थोडं सत्य. सनबेडने कॅन्सर होतो, यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००९ साली सनबेडना पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींच्या यादीत, टाकलं. तरुण वयात सुरुवात करणाऱ्यांत मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरचा धोका लक्षणीय वाढलेला दिसतो. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठीच्या सनबेडवर बंदी घातली, ऑस्ट्रेलियाच्या राज्यांनी २०१६पर्यंत व्यावसायिक सनबेड बंद केले. ‘मग अतिनील किरणही त्याच गटात आहेत ना?’ आहेत. वेल्डिंगचेही आहेत. ऊनही आहे. दारू, तंबाखू आणि सुपारीही आहे. तोंडात सुपारी घोळवत प्रकाशोपचाराचा धोका समजावून सांगणारे वक्ते प्रत्येक कट्ट्यावर भेटतात. स्तनाच्या कॅन्सरवर लाखो बायकांचे प्राण वाचवणारं टॅमॉक्सिफेनही त्याच गटात आहे. हा गट ‘कॅन्सर होऊ शकतो याची खात्री किती’ एवढंच सांगतो. ‘किती मात्रेने, किती जणांना’ हे सांगत नाही. ते सांगायला वही लागते. पुन्हा वहीच!

आणि वही काय सांगते? तिने लपवलेलं नाही काही. सोरालेनची गोळी आणि अतिनील ‘ए’ यांच्या जोडीवर असलेले १३८० अमेरिकन रुग्ण सत्तरच्या दशकापासून दशकानुदशकं पाठलाग करून तपासले गेले, आणि शेकड्याने उजेड घेतलेल्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कॅन्सरचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं सापडलं. ते छापलं, त्यामुळे त्या उपचाराला मर्यादा पडल्या आणि जिथे शक्य तिथे नॅरोबँडने त्याची जागा घेतली. नॅरोबँडवरच्या ३८६७ स्कॉटिश रुग्णांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. कॅन्सरची ठळक वाढ आढळली नाही. ती गोरी, सहज भाजणारी कातडी होती. आपली, डॉक्टरी वर्गीकरणातली चौथ्या-पाचव्या प्रकारची, सावळी त्वचा त्याहून अधिक सोसते. म्हणून काय आयुष्यभर उजेड घेत राहावं? मुळीच नाही, आणि कुठलाही शहाणा डॉक्टर तसं सांगत नाही; एकूण किती वेळा झालं याची बेरीज त्याच वहीत चालू असते. पण फरक बघा. उपचाराचा धोका आपल्याला माहीत आहे, कारण तो देणाऱ्यांनी स्वतः मोजला. सनबेडचा धोका बाहेरच्या संशोधकांना कॅन्सर झालेल्या बायकांना ‘विशीत किती वेळा गेला होतात, आठवतं का?’ असं विचारत खणून काढावा लागला. दुकानाकडे हिशेब नव्हता. ज्याने धोका मोजला त्यालाच ‘धोकादायक’ म्हणायचं आणि ज्याने कधी मोजलाच नाही त्याच्याशी त्याची बरोबरी करायची, हा कुठला न्याय?

प्रतिपक्षाचा एक पुरावा मात्र झटकून टाकता येणार नाही. काही छोट्या अभ्यासांत सनबेडवर गेलेल्या सोरायसिसच्या रुग्णांचे चट्टे खरोखर कमी झाले. असणारच. सनबेडमध्ये थोडा ‘बी’ असतो आणि थोडा ‘बी’ थोडं काम करतो. पण याने सिद्ध काय होतं? रसाच्या दुकानात मोसंबीचा रस मिळतो म्हणून ते इस्पितळ होत नाही. हवा असलेला घोटभर किरण मिळवण्यासाठी नको असलेला घागरभर ‘ए’ अंगावर घ्यायचा, तोही ‘बी’चं प्रमाण यंत्रागणिक आणि नळीगणिक बदलत असताना; म्हणजे शोधनिबंधातल्या पेटीचा अनुभव तुमच्या कोपऱ्यावरच्या पेटीला लागू होईल याची हमी शून्य. अभ्यासात ते रुग्ण कोणाच्या तरी देखरेखीखाली होते, हेही सल्ला देणारे विसरतात. देखरेख काढून घेतली की उरतं ते टॅनिंगच.

राहता राहिली ती अडचण, आणि या एका ठिकाणी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने उभं राहायला हवं. आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोनमहिने, ५० सेकंदांसाठी प्रवास. कळंबोलीहून कामोठ्याचं एमजीएम रुग्णालय तरी जवळ आहे. खालापूरच्या वाडीतून येणाऱ्याचं काय? लोखंड बाजारातल्या माथाडी कामगाराने बहात्तर वेळा अर्धा खाडा कसा सोसायचा? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला ‘उपचार महत्त्वाचा आहे’ असं पोक्त उत्तर देणं लबाडी आहे. पण याचं उत्तर ‘ऑनलाइन दिवा मागव’ हे नाही, कारण खरं उत्तर शोधून झालेलं आहे. घरी घेण्याचा नॅरोबँड इस्पितळातल्याइतकाच चालतो, हे २००९ साली नेदरलँड्समधल्या चाचणीने दाखवलं आणि २०२४ साली अमेरिकेतल्या ७८३ रुग्णांच्या अभ्यासाने पुन्हा दाखवलं. म्हणजे ‘डॉक्टर लोक आपली खुर्ची वाचवायला इस्पितळाचा आग्रह धरतात’ हा आरोपही खोटा पडतो. घरी देता येतं हे डॉक्टरांनीच सिद्ध केलं. पण त्या घरात गेलेली वस्तू बघा: मोजलेली नळी, ठरलेली मात्रा, शिकवलेली पद्धत, ठरावीक दिवशी तपासणी. नियम इस्पितळाच्या भिंतीत नव्हते, ते उपचारात होते, म्हणून ते उपचाराबरोबर घरी गेले. तेव्हा मागायचंच असेल तर असा दिवा भाड्याने मिळावा, विम्यात बसावा, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एक कपाट आणि संध्याकाळची वेळ असावी, हे मागा. ते मागायला कोणी पुढे येत नाही. फुकटचा सल्ला मात्र घरपोच.

म्हणून ‘नळी तीच’ हे वाक्य पुन्हा कानावर आलं तर नळीबद्दल वाद घालूच नका. नळी वेगळी आहे हे वर सांगितलंच, पण ती उद्या तीच असली तरी बिघडत नाही. वही मागा. त्वचारोग विभागातल्या त्या वहीत तुमच्या नावापुढे रकाने असतात: तारीख, कितवी वेळ, किती मिलिज्यूल, किती सेकंद, लाली होती का, आजवरची एकूण बेरीज, आणि शेवटी सही. सनबेडवाल्याकडे, दिवा विकणाऱ्या संकेतस्थळाकडे, गच्चीचा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्याकडे तुमच्या नावाचं तसं पान मागून बघा.